सोयरिकीआधी एक व्यवहार

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्याशी एक व्यवहार करून बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गोड काय, कुणीही बोलतं. वाकून नमस्कार काय, कुणीही करतं. वस्तू हातातून हातात गेली की मगच खरा माणूस बाहेर पडतो. माझी आजवरची अख्खी नोकरी केंद्र सरकारच्या दक्षता खात्यात गेली. लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी फ्रिजमधलं पाणीसुद्धा फुंकून पितो, असं आमची शुभदा चारचौघांत सांगते. सांगू दे.

आमच्या मयुरानं साकेतचं नाव घरात काढलं तेव्हा शुभदा लगेच हरखली. मुलगा पुण्याचा, दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, निर्व्यसनी, शिवाय दिल्लीत राहून शुद्ध मराठी बोलणारा. बायकोच्या लेखी लग्न लागल्यातच जमा होतं.

"अहो, आणखी काय हवंय तुम्हाला?"

"खात्री," मी म्हटलं.

नेमकी त्याच सुमारास आमची डिझेल गाडी दहा वर्षांची झाली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी, म्हणजे ती घरात ठेवलेला फरारी आरोपी. काढणं भागच होतं. आणि साकेतला त्याची हायब्रिड गाडी विकायची होती, कारण तो कंपनीच्या बसनं जायचा आणि गाडी नुसती उभी असायची. मी जेवताना सरळ सांगून टाकलं.

"गाडी त्याच्याकडूनच घ्यायची. चांगली निघाली तर पुढचं बोलू. खोट निघाली आणि त्यानं ती लपवलेली असली, तर सोयरीक नाही. विषय संपला."

"सोयरीक म्हणजे शादीच ना?" मयुरानं विचारलं. दिल्लीत वाढलेली पोर, असे शब्द तिच्या कानावरून जातात. "बाबा, प्लीज यार! माझ्या लग्नाचा इंटरव्ह्यू तुम्ही गाडीकडून घेणार?"

"हो."

"आणि साकेतला हे माहीत असणार?"

"परीक्षेचा पेपर आधी कुणी वाटतं का?"

ती ताट उचलून आत गेली.

गाडी आली. पांढरी, स्वच्छ, आतून नव्या कापडाचा वास. बटण दाबलं तर आवाजच नाही. मला वाटलं, बंद पडली. साकेत हसून म्हणाला, "काका, आधी बॅटरीवर जागी होते. इंजिन तिला वाटेल तेव्हा सुरू होतं, वाटेल तेव्हा थांबतं." हे मला पहिल्यापासूनच आवडलं नाही. आपल्याला न विचारता सुरू होणारी आणि न सांगता गप्प बसणारी वस्तू, तिच्यावर विसंबायचं कसं?

"सगळं ठीक आहे ना हिचं?" मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं.

"माझ्या माहितीत तरी ठीक आहे, काका. मी फारशी चालवलीच नाही."

'माझ्या माहितीत तरी'! असल्या शब्दांवर मी माणसं निलंबित केलेली आहेत.

दिवाळीपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागली. मग थंडी पडली, आमच्या लक्ष्मीबाई नगरात सकाळी समोरची इमारत दिसेनाशी झाली, आणि एके सकाळी मी गाडी सुरू केली. बॅटरीवर गुपचूप जागी झाली, आणि इंजिन पेटल्याबरोबर अशी गदगदा हलायला लागली की माझा चष्मा नाकावर आला. खडखड, खडखड. समोर पिवळा दिवा लागला. मिनिटभरात सगळं आपोआप थांबलं आणि गाडी पुन्हा गरीब गाय झाली. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी ऑफिसातून निघताना मात्र काही नाही. फक्त सकाळी, फक्त गार असताना.

कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. आणि खरं सांगतो, मला थोडा आनंदच झाला.

जवळच कोटल्यात कुलदीप नावाचा मेकॅनिक आहे. त्यानं गाडीला आपलं यंत्र जोडलं आणि म्हणाला, "सर, दो नंबर सिलिंडर मिस कर रहा है." म्हणजे चार बैलांपैकी एक सकाळी जू खांद्यावर घ्यायला तयार नाही, आणि म्हणून गाडी लंगडते. का तयार नाही, ते शोधायचं.

त्यानं आधी ठिणगी देणारी कॉईल तपासली. दोन नंबरची काढून तीन नंबरला लावली, तीनची दोनला. सरकारी माणसाला ही रीत ताबडतोब पटते. बाबूची बदली केली आणि तक्रारी त्याच्या मागोमाग गेल्या, तर खोट बाबूत. तक्रारी जुन्याच टेबलावर राहिल्या, तर खोट टेबलात. दुसऱ्या सकाळी गाडी पुन्हा थरथरली, यंत्रानं पुन्हा दोन नंबरच दाखवला. कॉईल निर्दोष सुटली.

मग त्यानं चारही प्लग बाहेर काढून फडक्यावर मांडले. तीन तांबूस, जळकट, चालत्या इंजिनात असावेत तसे. दोन नंबरचा मात्र धुऊन काढल्यासारखा लख्ख. कुलदीपनं तो मला दाखवला.

"पानी जा रहा है अंदर. हेड गॅस्केट."

मी तपशिलात विचारलं. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती गुलाबी पाणी फिरतं, त्याला कूलंट म्हणतात. ते आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक पत्र्याची चकती असते, ती गॅस्केट. ती कुठं चिरली असेल तर रात्रभर थेंब थेंब पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी ओल्या सिलिंडरमध्ये ठिणगी पेटत नाही, गाडी हलते, मग पाणी वाफ होऊन उडून जातं आणि सगळं ठीकठाक. सोपं होतं. पण खात्री करायची तर इंजिन उघडावं लागणार.

"उससे पहले कूलंट देखो, सर. रोज़ सुबह. घटेगा. नहीं घटा, तो मैं ग़लत."

त्या रात्री जेवताना मी निकालाची तारीख जाहीर केली म्हणा ना. "आठवडाभर कूलंट बघणार आहे. कमी झालं तर गॅस्केट. आणि गॅस्केट काही एका रात्रीत जात नाही. स्वतः इंजिनियर असलेल्या माणसाला आपल्या गाडीत काय चाललंय ते कळत नाही, हे मला कुणी सांगू नये."

"अहो, आधी त्याला विचारा तरी!" शुभदा म्हणाली.

"चोराला विचारून चोरी सापडते का?"

मयुरा पोळीचा तुकडा हातात धरून बसली होती. तिनं तो खाल्ला नाही.

मी शुभदाच्या नेलपॉलिशनं कूलंटच्या डबीवर, पाण्याच्या पातळीला बरोबर रेघ ओढली. रोज सकाळी चहा घेऊन खाली जायचं, बॉनेट उघडायचं, रेघ बघायची. पहिल्या दिवशी रेघेवर. दुसऱ्या दिवशी रेघेवर. आठवडा गेला, पाणी रेघ सोडून हलायला तयार नाही. गाडी मात्र रोज थरथरत होती, उलट जास्तच.

कुलदीपनं डोकं खाजवलं. "ऐसा हो नहीं सकता, सर."

अच्छा! म्हणजे हा लबाड. भलंमोठं काम काढायचं होतं याला, म्हणून गॅस्केट. मी त्याला चार शब्द सुनावले आणि घरी येऊन शुभदाला म्हटलं, "मुलगा सुटला असं दिसतंय." तिनं देवापुढे साखर ठेवली. मयुराही हसली. पण कशी, तर पाहुण्यांसमोर हसावं तशी. मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात कुठंतरी नोंदवून ठेवलं.

शनिवारी सकाळी खाली गेलो, बॉनेट उघडलं, आणि बघतच राहिलो. पाणी रेघेच्या वर होतं. चांगलं बोटभर वर!

गाडी पाणी पिते हे मी समजू शकतो. गाडीला पान्हा फुटतो हे नाही. कुणीतरी आणून ओततंय. कोण? बॉनेटचा खटका गाडीच्या आत, आणि गाडी उघडायला किल्ली लागते. एक किल्ली माझ्याकडे, एक घरात खुंटीवर. तिसरी असली तर कुणाकडे असणार? ज्याची गाडी होती त्याच्याकडे! माझ्या अंगात एकदम जोर आला. गाडी धुणारा पोऱ्या फोडलेला असणार, त्याच्या हातात किल्ली दिलेली असणार, आणि हा शहाणा मानेसरात बसून माझी रेघ सांभाळतोय. मी तिथूनच साकेतला फोन केला. गोड आवाजात.

"उद्या सकाळी लवकर ये रे. थालीपीठ खायला. गाडीपण जरा बघ."

"येतो की, काका!" म्हणाला. चोराची हिंमत बघा!

रविवारी मी उजाडायच्या आधीच बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो. कानटोपी, शाल. आमचा मजला पहिला, गाडी बरोबर खाली. धुकं होतं, पण इतकं नाही. गाड्या धुणारा आला, बादली घेऊन दुसऱ्या टोकाला गेला. मी त्याच्यावरून नजर काढली नाही. आणि तेवढ्यात आमच्याच जिन्यातून कुणीतरी बाहेर पडलं, थेट गाडीशी गेलं, दार उघडलं, बॉनेट वर केलं. अंगावर शुभदाची करड्या रंगाची शाल होती. हातात गुलाबी पाण्याची बाटली.

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

"मयुरा!"

तिच्या हातून बाटलीचं झाकण पडलं आणि घरंगळत गाडीखाली गेलं. ती वळली. मला वाटलं होतं रडेल, घाबरेल. नाही. दमलेली दिसत होती नुसती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तुम्ही ते जेवताना बोललात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. काल जास्त पडलं. अंधार होता."

"अगं, इंजिनाची वाट लागते अशानं! मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गाडी नसती रिपेअर केली बाबा. तुम्ही त्याला काढून टाकलं असतं."

  खरंच होतं ते. माझी मुलगी, माझ्या धाकानं, पहाटे चोरासारखी उठून माझ्यासमोर खोटा पुरावा उभा करत होती. 

"काका?"

साकेत फाटकातून आत आला होता. मफलर गुंडाळलेला, हातात मिठाईचा डबा. त्यानं उघडं बॉनेट बघितलं, बाटली बघितली, डबीवरची लाल रेघ बघितली. डबा त्यानं शेजारच्या स्कूटरवर ठेवला आणि वाकून आत नजर टाकली.

"सकाळी गार असताना थरथरते?"

"हो," मी म्हटलं.

"दोन नंबर?"

"हो."

"गॅस्केट असणार." तो सरळ झाला. चेहरा उतरला होता. "सॉरी, काका. मला कळायला हवं होतं. पण माझ्याकडे ती महिनोन्‌महिने हलायचीच नाही, आणि काढली तर दुपारी. गाडी मी आजच मानेसरला नेतो. उघडून नीट करून देतो." मग तो मयुराकडे वळला. "तुला माहीत होतं? मग मला एक फोन का नाही केलास? इतके दिवस भेटतोय आपण."

मयुरानं बाटली या हातातून त्या हातात घेतली.

"मयुरा?"

"विचारलं असतं," ती हळू म्हणाली, "आणि तू म्हणाला असतास की हो, माहीत होतं. मग मी काय केलं असतं?"

"म्हणजे तुला वाटलं, मी मुद्दाम दिली? तुझ्या घरात?"

ती बाटलीकडे बघत राहिली. साकेत वाट बघत उभा राहिला. मला तिथं उभं राहवेना. जन्मात कधी केलं नव्हतं ते मी केलं. मध्ये पडलो.

"अगं, त्याला माहीत नव्हतं. तो खरं बोलतोय."

मयुरानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उद्धटपणा नव्हता. समोरच्याच्या चेहऱ्यावर काय हलतंय ते ती शांतपणे बघत होती. ती नजर मी ओळखतो. रोज दाढी करताना आरशात असते.

"कशावरून?" तिनं विचारलं.

पुरावा काहीच नव्हता. त्याचा चेहरा बघून मला पटलं होतं, एवढंच. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा असतो, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"मला वाटतं म्हणून," मी म्हटलं.

"तुम्हाला वाटतं," ती म्हणाली, आणि साकेतकडे न बघता जिन्याकडे वळली.

 साकेतनं बॉनेट खाली घेतलं, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून बसवलं, आणि किल्लीसाठी माझ्यापुढे हात केला. मी दिली. वरून शुभदा बाल्कनीतून हाक मारत होती, थालीपीठं गार होतायत म्हणून.