तांदळातले देव

मंजूषाने डब्याला हात लावला तशी द्वारकाबाईंनी काठी आडवी घातली.

"आई, खालची धूळ पुसते फक्त."

"बाजूनं पूस. डबा हलायचा नाही."

सून बाजूनं पुसत राहिली. कडीचा स्टीलचा डबा करमाळ्याहून आला होता. आत तांदूळ आणि तांदळात घरचे पाच चांदीचे टाक. घर बंद करून निघताना देव तांदळात ठेवायचे, परतेपर्यंत ते उपाशी राहू नयेत, हे द्वारकाबाईंना सासूने शिकवलं होतं. कुलूपबंद घरात देव सोडायला मन धजलं नाही, म्हणून डबा मांडीवर घेऊनच त्या विमानात बसल्या होत्या. तीन महिन्यांसाठी. त्याला आता दहा महिने झाले.

प्रतापने आईला इथेच ठेवून घ्यायचा अर्ज केला होता. निकाल येईपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला की अर्ज गेला. सही द्वारकाबाईंचीच होती. मुलाने कागद पुढे केला तेव्हा, वाचून दाखव म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटलं होतं.

तेव्हापासून परमुलखातल्या कापेल गावचं हे घर, मागे पाण्याचा चर आणि पुढे बिनपडद्याची मोठी काच. समोरची गोरी बाई रोज हात हलवायची. द्वारकाबाई हलवत नसत. कैद्याने कसला हात हलवायचा?

उद्या घट बसायचे होते. सकाळी ऑफिसला निघताना प्रताप म्हणाला होता, यंदा देव इथेच बसवू. देव म्हणजे काय तुझं पार्सल का, शेजारी ठेवून गेले नि तू उचलून आणलंस, असं त्यांनी सुनावलं आणि तो सायकल काढून गेला. पण दिवसभर त्यांना घास गोड लागला नव्हता. घट बसवला नाही तर बावन्न वर्षांत पहिल्यांदा देवीचं नवरात्र चुकणार होतं. बसवला, तर हेच घर ठरलं. एकदा तांदळातून काढून मांडले, की देव मुक्कामाला आलेले नसतात, राहायलाच आलेले असतात.

"माती आणलीय," मंजूषा म्हणाली. "सप्तधान्यही मिळालं. तुम्ही म्हणाल तसं करू."

"तू मला नवरात्र शिकवतेस? बारा वर्षं संसार केलास, एक तरी देव मांडलास का या घरात?"

मंजूषाने फडकं ठेवलं आणि ती जिना चढून गेली. रडायला गेली असेल. द्वारकाबाईंनी काठी सावरली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

ती खाली आली ती दुधाच्या पावडरीचा जुना डबा घेऊन. टेबलावर ठेवून तिने झाकण काढलं. तांदूळच होते. द्वारकाबाईंनी बोट खुपसलं तर आत पितळ लागलं.

"अन्नपूर्णा," मंजूषा म्हणाली. "आईनं लग्नात दिलेली."

"मग मांडली का नाहीस?"

"हार्लेमचं घर वर्षाच्या कराराचं होतं. मग बेस्ट नावाच्या गावी गेलो तेव्हा, तिथून परतच जायचं ठरलं होतं. इथे येताना हे म्हणाले, दोनच वर्षं." ती डब्याकडे बघत होती. "दर पाडव्याला तांदूळ बदलते मी."

"प्रतापला ठाऊक आहे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

बाहेर चरातून बदकं ओरडत गेली. द्वारकाबाईंनी मूर्ती उचलून उजेडात धरली. नाकडोळे काळ्या थराखाली बुजले होते.

"अशी ठेवतात का पोरीच्या जातीनं माहेरची देवी," त्या म्हणाल्या, पण आवाजाला धार आली नाही. "चिंच आण."

बराच वेळ त्या बेसिनपाशी उभ्या राहून घासत होत्या. खांदा भरून आला तरी त्यांनी मंजूषाला हात लावू दिला नाही. मग कोपऱ्यात बिनदेवांच्या पडलेल्या सागवानी देवघरातला प्रतापचा चार्जर काढून खाली टाकला, आणि अन्नपूर्णा उजव्या अंगाला मांडली.

त्यानंतर त्या आपल्या डब्याशी गेल्या. कडी घट्ट बसली होती. मंजूषा पुढे झाली. या वेळी काठी आडवी आली नाही. एकेक टाक निघाला, घासला गेला, पुसला गेला. पाचही मधोमध बसले.

दोन्ही डब्यांतले तांदूळ द्वारकाबाईंनी एका परातीत ओतले आणि निवडायला बसल्या. मंजूषाने त्यातून वाटीभर काढून बाजूला ठेवले.

"ते कशाला?"

"जाताना लागतील ना, देवांना."

द्वारकाबाई निवडत राहिल्या. परात संपली. मग त्यांनी ती वाटी ओढली, तिच्यातलेही खडे पाहिले आणि सगळे तांदूळ पातेल्यात घातले.

"पाणी जास्त घाल," त्या म्हणाल्या. "माझा तांदूळ जुना आहे."