फक्त सुपडूकडे

व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरच्या डाव्या गुंडीवरचं रबर झिजून आतलं पांढरं प्लास्टिक वर आलं होतं, आणि सुपडू त्यावरून अंगठा फिरवत बसला होता… किती अंगठ्यांनी झिजवलं? गिऱ्हाइकांना तो सांगायचा, सव्वा लाख, आणि त्यातला एक खास अमेरिकेहून आलेला. सुरतेतल्या भेस्तानच्या या पत्र्याच्या खोलीत सगळे हसायचे आणि आणखी तासभर खेळायचे. पण दारावरची पाटी – 'हा गेम फक्त सुपडूकडे' – ती थाप नव्हती; हा गेम ज्या डब्ब्यावर चालायचा, तो भेस्तानात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. जन्मात एवढी एकच गोष्ट त्याने खरी सांगितली होती.

आणि आज सकाळी बूट घालता घालता योगराज, त्याचा मुलगा, सहज म्हणाला, "आबा, तो गेम आते कॉम्प्युटरवर बी उना."

"आन् आपला डब्बा?"

"एक डब्बाना गिऱ्हाईकवर कंपनीना खर्च निंघस नही. डब्बा इकाले कंपनीनी दोन वरीस गेम कुलूपमा ठेवा, आते सगळासले इकतीन."

कुलूप… हे सुपडूला दुसऱ्याने सांगावं? मागावर साडीचं डिझाइन उतरवणारी भोकांची कार्डं ठोकण्यात माझी उमर गेली. शेठ म्हणायचा, हा मोर दिवाळीपर्यंत आपल्या एकट्याचा, म्हणजे बायका आपल्याच दुकानात येतील – आणि मी मान डोलवत चोरून त्याच कार्डांची दुसरी माळ ठोकायचो, पोत्यात घालून कडोदऱ्याच्या कारखान्यांत पोचवायचो. दिवाळीआधीच शेठचा मोर तिथल्या साठ मागांवर नाचायचा. आणि मीच – मीच पुढे स्वतःचे म्हणून घेतलेले दोन्ही माग विकून हे दोन डब्बे घेतले, असं धरून चाललो की सातासमुद्रापलीकडच्या शेठचा मोर तेवढा जागचा हलणार नाही…

दुपारी एकटा प्रवीण आला. जालन्याकडचा, डाइंग मिलमधला. सुट्टीच्या दिवशी चार-चार तास उठायचा नाही. आज अर्ध्या तासात त्याने कंट्रोलर खाली ठेवला, पुसून ठेवला, आणि चपला शोधत म्हणाला, "काका, लोक काहीबी म्हणू द्या, मी इथंच येणार बघा. आपल्याकडं कुठंय कॉम्प्युटर."

सुपडूने काही विचारलंच नव्हतं.

आवाज मात्र ओळखीचा होता, थाप मारतानाचा त्याचा स्वतःचाच. इतक्या वर्षांनी तो समोरून ऐकू येत होता, एवढंच – 'शेठ, कार्डं कुठं जातायत, इथंच आहेत.' तेव्हा शेठने पान चघळत नुसती मान हलवली होती, फार हळू. आणि बाहेर येऊन मी पोटभर हसलो होतो, म्हातारा फसला म्हणून… फसला होता?

"ये बाबा, ये," सुपडू मान हलवत म्हणाला.

प्रवीण गेला. दुसरा डब्बा बंदच होता. सुपडूची मान अजून हलत होती, फार हळू, आणि ती थांबवावी कशी हे त्याला सुचत नव्हतं.