डॅशबोर्डवरचा आत्मा

टोकमोक शहरातल्या गाड्यांच्या बाजारात त्या रविवारी टायरवाले टायर सोडून आणि सामसा, म्हणजे तंदुरी सामोसे, विकणाऱ्या बायका तंदूर सोडून तुर्गुनबायच्या पांढऱ्या गाडीभोवती जमल्या होत्या. त्या गाडीत म्हणे मेलेली माणसं गात होती!

तुर्गुनबाय मूळचा गाड्यांत स्पीकर बसवणारा. पण स्पीकर बसवणाऱ्याला लोक नुसते पैसे देतात, हात जोडत नाहीत. म्हणून त्याने एक काळी डबी काढली. आत पवित्र डोंगरावरचा खडा!

"गेलेल्या माणसाचं गाणं आणा," तो ओरडत होता. "साध्या स्पीकरातून आवाज येतो. माझ्या डबीतून माणूस येतो!"

माझा मित्र कुबात टॅक्सी चालवतो. तो आपल्या आईला, बुर्माकानकाकूंना, घेऊन आला होता. कुबातचे वडील, आमचे काका, वसंतात वारले. पुतणीच्या लग्नात ते गायले होते, ते गाणं कुबातच्या फोनमध्ये होतं. मी आपला गंमत बघायला गेलो.

तुर्गुनबायने काकूंना मागच्या सीटवर अगदी मधोमध बसवलं. आधी नुसते दारातले स्पीकर लावले. काकांचा आवाज खाली पायाशी घुमला, गोधडीतून यावा तसा. मग त्याने डबीचा खटका ओढला आणि काकूंचा हात तोंडावर गेला. आवाज थेट समोरून, डॅशबोर्डच्या मध्यावरून येत होता. तिथे तर स्पीकरच नव्हता! काकांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "थंडी नाही ना वाजत?"

गंमत बघायला आलेला मी खाली बघू लागलो.

"डबीचं काय घेणार?" कुबातने विचारलं.

"आत्म्याला का किंमत असते? तुमची दुभती घोडी द्या, झालं."

"आई, घोडी गेली तर उन्हाळ्यात दूध कुठलं विकायचं?"

"बाप समोर बसलाय आणि तू दुधाचं बोलतोस?"

शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बेर्मेतबाई पलीकडे गाडीचा आरसा विकत घेत होत्या. मी त्यांना ओढूनच आणलं. त्या शांतपणे काकूंजवळ जाऊन बसल्या.

"काकू, जरा डावीकडे सरका बघू."

"छे छे!" तुर्गुनबाय ओरडला. "आत्म्याला कडेचं माणूस चालत नाही!"

"भलताच मानी दिसतो," बाई म्हणाल्या.

काकू सरकल्या. "अगोबाई, हेही डावीकडे सरकले!" उजवीकडे गेल्या, तर काका उजवीकडे. गर्दीत खसखस पिकली.

मग बाईंनी पुढच्या काचेच्या दोन्ही खांबांवरचे बटणाएवढे स्पीकर आपल्या हातमोज्यांनी झाकले. गाणं धपकन खाली आलं.

"आत्मा आता पायपुसण्यावर बसला वाटतं?"

"गुदमरला तो!" तुर्गुनबाय म्हणाला.

"मग दवाखान्यात नेऊ." बाईंनी कुबातकडून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डबी उघडली. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक कपॅसिटर आणि डिंकाने चिकटवलेला खडा. खडा त्यांनी तुर्गुनबायच्या हातावर ठेवला, स्पीकरवरचे हातमोजे काढले आणि गाणं पुन्हा लावलं. काका पुन्हा डॅशबोर्डवर!

"याला क्रॉसओव्हर म्हणतात," बाई म्हणाल्या. "ही डबी जाड सूर दारातल्या मोठ्या स्पीकरकडे धाडते, बारीक सूर वरच्या छोट्यांकडे. आवाज उंचावरून येतोय की खालून, हे कान बारीक सुरांवरून ओळखतो, म्हणून गाणं वर चढलं. आणि दोन्ही बाजूंनी तोच आवाज सारखा आला, की मध्ये बसलेल्याला तो समोरून आल्यासारखा वाटतो. कडेला सरकलं, की जवळच्या स्पीकरकडून."

काकू वाकून डॅशबोर्ड न्याहाळू लागल्या. कुबात घाबरून त्यांच्याकडे बघत होता.

"म्हणजे हे आले नव्हते?"

"नाही, काकू. पण गाणं त्यांचंच आहे."

"तरीच!" काकूंनी डोळे पुसले. "खरे आले असते तर आधी चहा मागितला असता." लोक हसले, काकूही हसल्या.

घोडी घरीच राहिली. कुबातने पुढे आपल्या टॅक्सीत चांगले स्पीकर बसवून घेतले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मोठे, छोटे आणि क्रॉसओव्हर एकाच संचातले, एकमेकांसाठी बनवलेले घेतले. दुकानात दोन संच सारख्याच आवाजात, आपलंच गाणं लावून ऐकले, कारण जो मोठ्याने वाजतो तो उगाच चांगला वाटतो. बसवून दिले तुर्गुनबायनेच. त्याचा हात खरोखर चांगला आहे. खडा न चिकटवताही त्याचं पोट भरतं, हे त्याला आता कळलंय.

आपल्या माणसाच्या आवाजाने रडू येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खुशाल रडावं. पण त्या रडण्याची कुणी किंमत मागू लागला, तर डोळे पुसावेत आणि "आधी उघडून दाखव" म्हणावं.