प्रमाण वजनाची किल्ली

काचेच्या पेटीतल्या वजनकाट्याचा शेवटचा आकडा ठरत नव्हता. तीन, चार, पुन्हा तीन. धाकटीने श्वास रोखून पाहिला, टेबलापासून मागे सरकून पाहिलं, तरी आकडा आपला डुलतोच आहे. मग तिची नजर खाली पातळीच्या बुडबुड्याकडे गेली. तो वर्तुळाच्या मधोमध नव्हता, केसभर डावीकडे कलला होता. पायाचा स्क्रू जरासा फिरवला की काम झालं असतं. तिने हात पुढे केला.

"अंहं," मागून काका म्हणाले. "तो काटा तुझा नाही आणि माझाही नाही. ज्याचा आहे तो जेवून येईल, मग करेल."

"पण चूक दिसतेय, काका."

"दिसू दे की. त्याला सांग, पण हात लावू नकोस. तू स्क्रू फिरवणार, त्याला वाटणार आपण लावला होता तसाच आहे, आणि मग कुठे काय बिघडलं हे शोधत बसणार बिचारा."

आजोबांनी घालून दिलेला हा नियम धाकटीने फ्रॉकच्या वयापासून ऐकला होता. आज मात्र तो ऐकून तिचा हात हवेतच राहिला. वर्षभर ज्या प्रश्नाने तिला छळलं होतं, त्याचं उत्तर काकांनी येता-जाता देऊन टाकलं होतं.

घरची कंपनी वजनकाटे बनवायची. विद्यापीठातून वर्षाची रजा घेऊन ती आली होती ती एकाच कामासाठी. गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट होती, ती विक्री सांभाळणाऱ्या दादाची. आतल्या लोकांसाठी इंट्रानेट होतं, ते कारखाना सांभाळणाऱ्या काकांचं. एकाच गोष्टीची दोन्हीकडे वेगवेगळी पानं होती, म्हणून दोन्हींचं मिळून एक धोरण आखायचं होतं. तिने ते आखलंही. पण जुन्या पानांपैकी कोणाची ठेवायची आणि कोणाची काढायची, हे कंपनीचे प्रमुख म्हणून तिच्या वडिलांनी, आप्पांनी ठरवायचं होतं. एका बाजूला सख्खा भाऊ, दुसऱ्या बाजूला मुलगा. आप्पा दर वेळी चष्मा पुसत आणि म्हणत, "बघू." रजा आता संपत आली होती. आज दुपारच्या बैठकीत पुन्हा "बघू" झालं, तर ती परत जाणार आणि वर्षाचं काम कपाटात धूळ खाणार.

इतके दिवस तिला वाटत होतं की अडतंय ते मानापमानावर. काकांच्या नाकावर माशी बसत नाही आणि दादाला कोणी शिकवलेलं चालत नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण खरी गोम वेगळीच होती. ती जिना दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली.

वर वहिनी फोनवर होत्या. तक्रारींचे सगळे फोन त्याच घेत. धाकटीचा चेहरा बघून त्यांनी फोन ठेवला. "काय गं, लॉटरी लागली का?"

"वहिनी, आपल्याकडे चुकीचं पान कोणी दुरुस्त का करत नाही, सांगू? कारण ते दुसऱ्याचं असतं. चूक दिसली की माणूस त्या पानाला हातच लावत नाही. शेजारी स्वतःचं नवीन पान करतो. खाली काट्यांचं जे चालतं, तेच."

वहिनी हसायला लागल्या. "म्हणून वापरण्याआधी काटा चालू ठेवून तापवायची सूचना इतक्या ठिकाणी आहे होय! आणि मी त्या इस्पितळाच्या शिव्या खातेय."

बैठकीची खोली लहान होती. आप्पा खिडकीकडे पाठ करून बसले. धाकटीने काका आणि दादा दोघांना आपापला लॅपटॉप उघडायला सांगितलं.

"नवा काटा चालू केल्यावर किती वेळ तापू द्यायचा, ते काढून दाखवा. ज्याने त्याने आपल्याकडचं."

"अर्धा तास," दादा वेबसाइट उघडून म्हणाला.

"एक तास," काका म्हणाले. "नव्या मॉडेलला तासच लागतो. मी तेव्हाच इंट्रानेटवर टाकलं होतं."

"काकांच्या इंट्रानेटवर कोण जातंय? तिथे अजून नोकरी सोडून गेलेल्या वॉचमनचा नंबर आहे."

"आणि तुझ्या वेबसाइटवर काट्यांपेक्षा तुझेच फोटो जास्त."

"इस्पितळाच्या औषधखोलीने वेबसाइट वाचली," वहिनी मध्येच म्हणाल्या. "आपल्या माणसाने इंट्रानेट वाचलं. दोघं गिऱ्हाइकासमोर भांडले. काल त्यांचा फोन होता, सगळे काटे परत न्या म्हणून."

आप्पांचा हात चष्म्याकडे गेला. धाकटीने तो पाहिला आणि घाईने बोलायला लागली, नेहमीपेक्षा बरीच भरभर.

"काका, दादाचं पान चुकलंय हे माहीत होतं, तर त्याला हात का नाही लावला?"

"त्याचं पान. मी कसा लावणार?"

"बरोबर केलंत. आता सांगा, खाली दोघांचे काटे वेगवेगळं वजन दाखवायला लागले, तर कोणाचा खरा मानता?"

"कोणाचाच नाही. प्रमाण वजन काढायचं आणि दोन्हींवर ठेवून बघायचं."

"ते वजन कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? कारखान्याचं. त्याच्या कपाटाची किल्ली एकाकडे असते. बाकीच्यांनी आपला काटा त्याच्यापाशी न्यायचा."

"मग पानांचंही तसंच करू या ना. प्रत्येक सूचनेची प्रत एकच, तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव. वेबसाइट आणि इंट्रानेट दोन्हीकडे तीच दिसेल. चूक दिसली तर त्या माणसाला सांगायचं, शेजारी दुसरी प्रत करायची नाही. नियम आजोबांचाच, आप्पा. आपण अर्धाच वर ऑफिसात आणला. दुसऱ्याच्या काट्याला हात नाही, एवढं वर आलं. प्रमाण वजन खालीच राहिलं."

काका खुर्चीत पुढे सरकले. दादाने लॅपटॉप अर्धा मिटला आणि म्हणाला, "म्हणजे माझी पानं काकांची नाही होणार."

"नाही. आणि त्यांची तुझी नाही होणार."

"मग हरकत कसली घ्यायची?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती. "पण ती एक प्रत सांभाळायची किल्ली कोणाकडे? ही तर चालली परत."

हे मात्र धाकटीने ठरवलं नव्हतं. तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी चष्मा काढला होता, पण पुसला नाही, तो तसाच टेबलावर ठेवला. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग दाराजवळ वही-पेन न घेता नुसत्या बसलेल्या सुनेकडे.

"लोक कुठे चुकतात हे रोज कोणाला ऐकावं लागतं?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. "दोन्हीकडची जुनी पानं आजपासून बंद. एकच प्रत राहील, आणि किल्ली सूनबाईंकडे."