रामहरीची खाट

"रामहरीची खाट कोणती?" दारातल्या म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी न उतरवताच विचारले. मी दाखवली. हे रामहरीचे वडील, दत्तराव. पोखर्णीकडे शेळ्या राखणारे.

रामहरी माझा रूम पार्टनर. पोलीस भरतीत दुसऱ्यांदा मागे राहिला आणि खोलीचा वर्षाचा करार अर्धवट टाकून पुण्याकडे निघून गेला. घरी सांगायला तोंड नव्हते. बापाचा फोनसुद्धा उचलेना. शेवटी मीच त्यांना कळवले. मालकीण कस्तुराबाईंचा नियम साऱ्या गल्लीला पाठ होता: मध्येच सोडणाऱ्याने बदली माणूस आणावा आणि आपली अनामत त्याच्याकडून घ्यावी. नाहीतर ती पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्यात गेली.

"मंग दोन महिने म्याच राह्यतो," दत्तराव म्हणाले.

"आन् शेळ्या?"

"बायको बघायलीय."

मला नसत्या चौकशांची भारी खोड. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर बसून गाडीत काय भरलेय हे डोकावून बघायची सवयच लागलेली. हा माणूस दिवसभर करतो तरी काय? एका सकाळी कामावर जाताना मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या मागे गेलो. दत्तराव पोलीस भरतीच्या सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी उभे होते. भरतीची पोरे पळत होती, आणि दम खायला थांबलेल्या प्रत्येकाला ते विचारत होते, "आमचा रामहरी कसा पळायचा वो?"

दुसरे कोडे खोलीतच होते. म्हातारा फरशीवर घोंगडी टाकून झोपे, खाट रिकामी. रानातली सवय असेल, असे मी धरून चाललो.

महिन्याभराने मी मोठ्या हुशारीने आमच्या काट्यावरच्या सिद्धोधनला घेऊन आलो. तो राहायला तयार, पैसेही रोख. दत्तरावांनी मान हलवली.

"मामा, पैसे परत मिळायलेत. न्हाई काहून म्हणता?"

"जागा देऊन टाकली आन् पोरगं आलं तर? कुठं टेकंल त्ये?"

त्यांनी खाटेवरची चादर उगाच सरळ केली. मला माझ्या हुशारीची लाज वाटली.

दुसरा महिना सरत आला तेव्हा एका संध्याकाळी रामहरीचा फोन आला. दत्तराव बाहेर नळावर होते.

"रंगनाथभाऊ, अनामतीचं काय झालं?"

"तुझा बाप इथं राहून वसूल करायलाय."

तो हळूच म्हणाला, "माझ्या खाटेवर झोपतेत का?"

"खाली झोपतेत. खाट तुझ्यासाठी ठिवलीय."

"लय गार असती ती फरशी. माळ्यावर माझी सतरंजी हाय. तेवढी द्या त्यांना."

फोन बंद झाला. मी सतरंजी काढली. दत्तराव आत आले, तेव्हा त्यांच्या हातात ठेवत म्हणालो, "रामहरीनं द्यायला सांगितलीय."

"बोलला?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "बरा हाय का?"

"बरा हाय."

त्यांनी सतरंजी दारात नेऊन चांगली झटकली. मग आत आले आणि ती खाटेवर अंथरली.