पोतं, मामी आणि डावं वळण

त्या सकाळी मामाच्या साइडकारमध्ये चार गोष्टी होत्या: पट्ट्याने बांधलेलं वाळूचं पोतं, पोत्याच्या तोंडाशी गुंडाळलेला मामीचा निळा स्कार्फ, त्यावर मामीचं हेल्मेट आणि पाठीशी मामीची उशी. मामी नव्हती. ती फाटकाशी पर्स घेऊन उभी होती आणि बसची वाट बघत होती. सुटीच्या दिवशी त्या रस्त्याने बस येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

मामा-मामीचं चष्म्यांचं दुकान आहे. मामा भिंगं घासतो, मामी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवते. एकोणीस वर्षं दोघं एकाच गाडीने दुकानात जातात. मोटरसायकलवर मामा आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेल्या डब्यात मामी. गाडी खोडकर आहे. वेग वाढवला की डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. दुचाकीसारखं फटीतून निसटता येत नाही आणि चारचाकीसारखं डोक्यावर छप्पर नाही. सिग्नलला शेजारचा माणूस हमखास विचारतो, “किती देते?” मामा म्हणतो, “त्रास? भरपूर.”

पण विकायचं नाव काढलं की दोघं एका सुरात नाही म्हणायची. मामाचं कारण इंजिन. मामीचं कारण इंजिनाचा आवाज: त्यात मामाला ती काय बोलते ते ऐकू येत नाही आणि तो प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो. नवा फ्रिज, माडीवरची खोली, मला भौतिकशास्त्र शिकायला दिलेलं पाठबळ, सगळे होकार त्या डब्यात बसूनच मिळाले आहेत.

मग मामीच्या बहिणीचा पाय मोडला आणि मामी दीड महिना तिकडे गेली. डबा रिकामा असला की डाव्या वळणावर त्याचं चाक उचलतं, म्हणून मामाने त्यात वाळूचं पोतं बसवलं. तोंड बांधायला हाताशी स्कार्फ होता. हेल्मेट ठेवायला दुसरी जागा नव्हती. इथपर्यंत गुन्हा म्हणावा असं काही नव्हतं.

मामी परतली त्याच दिवशी शेजारीण म्हणाली, “वहिनी, परवा पोस्टापाशी इतका हात केला, तुम्ही ढुंकूनही बघितलं नाही.” तेही मामीने गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती बसायला गेली तेव्हा मामा बोलून गेला, “आज राहू दे ना पोतं. वळणं छान बसतायत.”

तेव्हापासून मामी बसने जायची. दुकानात दोघं गिऱ्हाइकांमार्फत बोलत. “यांना सांगा, उजवी काडी सैल आहे.” “त्यांना सांगा, मला दिसतंय.” शेवटी मामीने बोलावलेला एक दलाल गाडी बघून गेला आणि मामाची झोप उडाली. त्याने मला बोलावलं.

“तू शास्त्र शिकलीस ना? मग मोजून सांग हिला,” तो म्हणाला.

“मोजू दे,” फाटकाशी उभी मामी म्हणाली. “पोत्यापेक्षा मी बरी ठरले तर बसेन. नाही तर तो दलाल सोमवारी येतोय.”

आधी मी पोत्याचं वजन केलं. चौसष्ट किलो.

“मी एकसष्ट आहे,” मामी म्हणाली.

“पर्ससकट धरलंय,” मामा म्हणाला.

गोदामांमागे सिमेंटचं मोठं पटांगण आहे. तिथे मी दोरीने वर्तुळ आखलं आणि डब्याचं चाक जिथून जाईल तिथे, मैदानं आखतात त्या पांढऱ्या फक्कीचा पट्टा पसरला. मामाने डावीकडे वळत एक फेरी आठ सेकंदांत घ्यायची. चाक जमिनीवर असेल तर फक्कीत टायरची नक्षी उमटेल. उचललं तर तेवढी जागा कोरी राहील. जितकी कोरी जागा कमी, तितकं वळण चांगलं.

पहिली फेरी पोत्याची. कोरी जागा दोन मीटर दहा सेंटिमीटर.

फक्की पुन्हा पसरली. पोतं उतरवलं, मामी चढली. पाठ ताठ, पर्स मांडीवर, नजर समोर. पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी. फेरी झाली. मी टेप लावला आणि पुन्हा लावला, कारण आकडा सांगायची इच्छा नव्हती.

“दोन मीटर पंचवीस.”

जिंकलेल्या माणसाचा चेहरा मामाचा नव्हता. तो हँडल पुसत बसला. मामीने हेल्मेटचा पट्टा सोडला. “विका,” ती म्हणाली, या वेळी थेट त्याच्याशी.

“पर्सचा हिशेब चुकला असेल,” मामा पुटपुटला. “पुन्हा मोज.”

पण मला वेगळंच खटकत होतं. औषधाच्या दुकानापाशी मामा याहून वेगात डावीकडे वळतो. लहानपणापासून मी त्या वळणावर त्यांना बघत आले आहे आणि डब्याचं चाक उचललेलं कधी दिसलं नाही.

“मामी, तू रोज अशीच बसतेस?”

“रोज कशाला? आज परीक्षा आहे म्हणून नीट बसले. एरवी वाकते.”

“दुकानांत काय नवीन लागलंय ते बघायला,” मामा म्हणाला. “एकोणीस वर्षं बघतोय मी.”

“दुकानं नाही, चाक बघते. पहिल्याच वर्षी तुमच्या कृपेने उचललं होतं, जीव कंठाशी आला होता. तेव्हापासून डावं वळण आलं की बाहेर वाकून बघते, जमिनीवर आहे ना.”

“आणि असतं?” मी विचारलं.

“बघते तेव्हा असतंच.”

मामाने फडकं खाली ठेवलं. “आणि मी गावभर सांगतोय,” तो हळूच म्हणाला, “की वळण हा हाताचा गुण आहे.”

तिसऱ्या फेरीला मामी रोजच्यासारखी बसली. वळण सुरू होताच तिने अर्धं अंग डाव्या बाजूने बाहेर काढलं आणि चाकाकडे असं बघितलं, जसं शाळेत मागच्या बाकाकडे बाई बघतात. आठ सेकंद.

मामाने चष्मा लावला आणि गुडघ्यावर बसून वर्तुळ पुरं तपासलं. टेप लावायला कोरी जागाच नव्हती. मग तो पोत्याकडे गेला, स्कार्फ सोडला, दोनदा झटकला आणि तिच्यापुढे धरला.

“धुऊन द्या,” मामी म्हणाली. पण हेल्मेटचा पट्टा तिने पुन्हा लावला होता.

पोतं गोदामाच्या रखवालदाराला देऊन आम्ही निघालो. मी मामाच्या मागे बसले होते, म्हणून मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं. “पुढच्या महिन्यात आठ दिवस दुकान बंद,” मामी म्हणाली. “समुद्रावर जायचं. ह्याच गाडीने.” मामाने मान डोलावली.

औषधाच्या दुकानदाराने पायऱ्या धुतल्या होत्या आणि पाणी वळणाच्या सुरुवातीपर्यंत आलं होतं. वळण संपल्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि टेप घेऊन उतरले. कोरड्या रस्त्यावर डाव्या चाकाची ओली रेघ अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर होती, अखंड.