दहाचे तीस, मंजूर!

बारामती-दौंड गाडीचा वेग मला नका सांगू. धावत्या गाडीतून उतरून, हरभऱ्याचे घाटे खुडून मी परत त्याच डब्यात चढलोय, आणि खिडकीची जागाही गेली नव्हती. अशा गाडीवर करोनाच्या साली ‘स्पेशल’ अशी पाटी लागली. डबे तेच, थांबे तेच, पण पास बंद आणि दहाचं तिकीट तीस. रोग गेला, पाटी राहिली! म्हशीच्या शिंगाला गोंडा बांधून कुणी दुधाचा भाव तिप्पट केला असता, तर निमगाव केतकीच्या बाजारातून आपण त्याला म्हशीसकट हाकललं असतं.

कळसच्या हिंदुरावाची नात छकुली बारामतीत मावशीकडं राहून रोज दौंडला नर्सिंग शिकायला जायची. तिच्या बापानं सांगून टाकलं, “तिकीट उतरलं न्हाय तर म्हैनाअखेर घरी ये. स्थळं बघू.”

प्रवाशांनी फार ओरड केली, तेव्हा रेल्वेचे एक साहेब बारामतीला म्हणणं ऐकायला आले. फलाटावर टेबल मांडलं. नातीच्या बाजूनं बोलायला हिंदुराव ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं घेऊन आला. बायको गोजरबाईही आली. मीही होतो.

हा हिंदुराव साखर कारखान्याचा जुना सभासद. वार्षिक सभेत विषय वाचला की पहिला ‘मंजूर’ त्याचा. त्या आवाजानं वालचंदनगरच्या क्वार्टरांतल्या कपबशा फुटतात. खोटं वाटत असेल तर एक फुटकी बशी मी ठेवलीय. ट्रॉलीतले बाकीचेही त्याच शाळेतले.

साहेबांनी चष्मा लावला आणि एकसुरी आवाजात वाचलं, “विषय क्रमांक एक. सध्याचे तिकीटदर कायम ठेवण्याबाबत विचार करणे.”

हिंदुरावाचा डोळा लागला होता. कान मात्र जागे. “मंजूऽऽर!”

“मंजूर! मंजूर!” सगळी ट्रॉली ओरडली. पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती थेट इंदापुरात जाऊन बसली.

“एकमताने मंजूर,” म्हणून साहेबांनी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

छकुली आजोबासमोर येऊन उभी राहिली. “आबा, माझं शिक्षण मोडायला ट्रॉली भरून आलात व्हय?”

“आगं, विषय क्रमांक एक म्हनलं की आपसूक येतं तोंडातनं.”

“काय मंजूर केलं, ते तरी ठावं हाय का?”

“ते आजवर कधीच इचारलं न्हाय,” हिंदुराव खाली बघत म्हणाला.

छकुली साहेबांकडं वळली. “साहेब, सभा प्रवाशांची हाय. ओरडले त्यांची तिकिटं बघा.”

“झालं ते झालं, ताई.”

“झालं कसं?” हिंदुराव ताडकन उठला. “बिगरसभासदाचं मत धरत न्हाईत! आमी ट्रॉलीनं आलोय. एकाकडं बी तिकीट न्हाय, फलाटाचं सुदिक न्हाय. दंड करा!”

“राहू द्या आजोबा, वयस्कर आहात.”

“नातीकडनं तिप्पट घेताना राहू द्या म्हनला न्हाय! फाडा पावती!”

पावती फाडली तर ठराव बाद, हे साहेबांनी ओळखलं आणि ते निघाले. तिकीट तपासनीसापुढं पळणारे फुकटे मी खूप पाहिलेत. त्या दिवशी साहेब पुढं आणि “दंड घ्या, दंड घ्या” करत फुकटे मागं! फलाट संपला तिथं साहेब दमले.

त्यांना परत टेबलाशी आणून विषय पुन्हा वाचायला लावला, फक्त तिकीटवाल्यांसाठी. हिंदुरावाचा जबडा उघडतोय असं दिसताच गोजरबाईंनी त्यात चतकोर भाकरी कोंबली.

“नामंजूर,” छकुली म्हणाली. मागून सगळा फलाट म्हणाला.

कागद वर गेला तो गेलाच. महिना सरला, तिकीट तीसच. बाप न्यायला आला, तर मावशीकडं आधीच येऊन बसलेल्या हिंदुरावानं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. “पोरगी शिकंल. तिकिटाचं मी बघतो. तू तुझी स्थळं तुझ्यासाठी बघ.”

पुढं कधीतरी पाटी उतरली, तिकीट दहावर आलं. तोवर छकुली नर्स झाली होती. तिकीट उतरलं म्हणून स्टेशनात पेढे वाटले. मी घेतला नाही. आमचंच आम्हाला परत दिलं, त्यात गोड कसलं? आणि छकुलीच्या डब्यातल्या ज्या पोरी मधल्या काळात घरी बसल्या, त्यांना घेऊन येणारी स्पेशल गाडी कुठल्या फलाटावर लागते, ते एकदा सांगा!